बंद गाडी नको

गॅरेजकडे निघताना चष्मा घरी राहिला. गल्लीच्या तोंडाशी ते लक्षात आलं, तेव्हा कडकांनी ठरवलं की गाडी बघायला चष्मा कशाला लागतो, गाडी काय सुईत ओवायचीय? पुढे जे झालं ते सगळं इथून सुरू झालं. (अक्कलही घरीच राहिली असं कुणी म्हणेल. पण घरी राहायला ती आधी घरात असावी लागते.)

कडक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवराबायकोची लॉन्ड्री होती. इस्त्री नवऱ्याकडे आणि बाकी सगळं बायकोकडे. नवऱ्याने इस्त्री केलेला शर्ट टेबलावर उभा करून ठेवला तर उभा राहायचा, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना कडक म्हणायची. स्वभावाचा त्यात काही संबंध नाही. घरात बायकोने नुसता घसा खाकरला तरी या माणसाला सुरकुत्या पडायच्या.

तर झालं होतं असं, की लॉन्ड्रीची व्हॅन भर रस्त्यात गेली. गेली म्हणजे मेलीच. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हळूच बंद केलं, जसं मेलेल्याचं तोंड झाकतात तसं. एरवी कुणी पर्वा केली नसती. पण बायकोने नुकतंच एका मोठ्या हॉटेलचं काम मिळवलं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, सगळं धुऊन दर सोमवारी सकाळी पोचवायचं. त्या कामाच्या भरवशावर तिने धुण्याचं दुसरं मशीन घेतलं होतं. हॉटेलची मॅनेजरीणबाई म्हणजे जन्मात कधी न हसलेली बाई. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की एक खेप चुकली तर काम दुसऱ्याला जाईल. काम गेलं की मशीनचे हप्ते अंगावर, आणि दुकान बंद.

अशा वेळी गाडी घ्यायचं काम कडकांवर कसं सोपवलं, असं कुणीही विचारेल. उत्तर सोपं आहे, दुसरं कुणी नव्हतं. बायकोच्या बहिणीचा हात मोडला होता म्हणून बायको तिकडे गेलेली. घरात उरल्या होत्या सासूबाई, म्हणजे बायकोची आई. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं. कडकांनाही कळत नव्हतं, पण त्यांना ते माहीत नव्हतं.

आता घरामागच्या मोकळ्या जागेत एक स्कूटर उभी आहे, तिच्याबद्दल सांगायला हवं. कडकांनी ती घेतली तेव्हा बंद होती. रविवारी दुरुस्त करू म्हणाले. तो रविवार अजून उगवायचाय. स्कूटरच्या सीटवर साबणाचा डबा असतो आणि हँडलला चिमट्यांची पिशवी. दुकानातला रेडिओही असाच, घेतला तेव्हापासून बंद. स्वस्तातली बंद वस्तू दिसली की या माणसाच्या हाताला खाज सुटते.

गॅरेजवाल्याकडे जुन्या गाड्या ओळीने लावल्या होत्या. कडकांची नजर मात्र कोपऱ्यात गेली. तिथे काहीतरी नारिंगी होतं. लांबून त्यांना वाटलं, कुणीतरी न्हाणीघरातल्या टबला चाकं लावून ठेवलीत. जवळ गेल्यावर कळलं की चष्म्याशिवायही त्यांना बरंच बरोबर दिसतं.

ती बीच बगी होती. समुद्रकाठी वाळूत पळवायची गाडी. खालचा टब फायबरचा, चाकं ट्रॅक्टरच्या पोटची असावीत अशी फुगीर, वर डोक्याशी लोखंडी पाइपची कमान, आणि बस. दारं नाहीत, टप नाही, काचांपैकी एक पुढची तेवढी, तीही पोस्टकार्डाएवढी. त्या गावापासून समुद्र इतका लांब होता की निम्म्या गावाने तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. वाळू म्हणाल तर बांधकामाच्या ढिगाऱ्यावर. अशा गावात ही गाडी कशी आली, हे गॅरेजवाल्याने सांगितलं नाही आणि कडकांनी विचारलं नाही.

गॅरेजवाल्याची जीभ त्याच्या हातांपेक्षा तेलकट होती. तो म्हणाला, बंद गाड्या काय, पोत्याने मिळतील. चार दारं, वर टप, आत माणूस डब्यातल्या बिस्किटासारखा बसलेला. उघडी गाडी मात्र ही एकच. एकदा उघड्या गाडीची हवा लागली की माणूस पुन्हा बंद गाडीकडे ढुंकून बघत नाही. बंद गाडी असं म्हणताना तो असं तोंड करायचा की जणू त्याला कुणी तीत कोंबलंय.

नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. कडकांनी एका कानात बोट घातलं.

"हे बघा," बायको म्हणाली, "रंग कुठलाही चालेल. जुनी असली तरी चालेल. फक्त बंद गाडी आणू नका."

कडकांना आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. "बंद नको?"

"अजिबात नको. मागच्या वेळसारखं नको मला. बंद गाडी दारात दिसली तर मी घरात पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

मागच्या वेळची म्हणजे व्हॅन, असं कडकांनी धरलं. व्हॅन होतीच चारी बाजूंनी बंद. आत ओल्या कपड्यांचा वास कोंडायचा आणि बायको कुरकुर करायची. सगळं जुळत होतं. (स्कूटरची आठवण येऊ नये म्हणून माणसाचं डोकं किती मेहनत घेतं बघा.) फोन ठेवला तेव्हा कडकांचे डोळे भरून आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवराबायकोला एकच गोष्ट आवडण्याची ही पहिलीच वेळ.

गॅरेजवाला माणूस ओळखून होता. म्हणाला, निम्मे पैसे ठेवून जा, आठवडाभर घरची समजून वापरा, नाही पटली तर चालवत आणून द्या. चालवत आणलीत की परत घेतली आणि निम्मे परत दिले. त्यातला 'चालवत' हा शब्द कडकांच्या एका कानातून आत गेला आणि दुसऱ्या कानात अजून बोट असल्यामुळे तिथेच कुठेतरी अडकून पडला.

घरी सासूबाई दारातच होत्या. जावयाने आणलेली कुठलीही गोष्ट त्यांना आजवर आवडली नव्हती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पाय लावून बघितला आणि विचारलं, "जावईबापू, बाकीची गाडी कधी येणारेय?"

कडकांनी त्यांना फायदे समजावून सांगितले. दारंच नाहीत, म्हणजे दार बिघडायचा प्रश्न नाही. काचा नाहीत, म्हणजे पुसायला नकोत. कुलूप नाही, म्हणजे किल्ली आत राहायची भीती नाही. सासूबाईंनी विचारलं, पाऊस आला तर? कडक म्हणाले, पावसाळ्याला अवकाश आहे. धूळ? धूळ बंद गाडीत साठते, उघड्यातून ती आल्या पावली निघून जाते. आणि चोर?

चोराचं उत्तर सासूबाईंनीच दिलं. ही गाडी चोरावी असं वाटणारा दुसरा माणूस सापडला, तर त्यालाही जावई करून घेईन म्हणाल्या.

पण बोलणं वेगळं आणि बसणं वेगळं. दार नसल्यामुळे आत बसायचं तर टबाच्या काठावरून पाय टाकावा लागायचा, आणि सासूबाईंचे गुडघे त्यांच्या परवानगीशिवाय वाकत नसत. इस्त्रीच्या टेबलाखालचं स्टूल आणलं. कडकांनी एका बाजूने आधार दिला, शेजारच्या न्हाव्याने दुसऱ्या बाजूने, आणि सासूबाई टोपलीत बटाटा पडावा तशा सीटमध्ये पडल्या. मग कडकांनी गाडी सुरू केली. आवाज असा आला की न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने रस्त्यावर आलं.

एक फेरी झाली. सासूबाई उतरायला तयार होईनात. गल्लीतल्या बायका ज्या त्यांना बघून दार लोटून घ्यायच्या, त्या आज गॅलरीत येऊन हात करत होत्या. सासूबाईंनीही हात केला. मग बाजारातून एक फेरी, मग बँकेवरून. संध्याकाळी त्या म्हणाल्या, गाडी वाईट नाही, चालवणारा बदलता आला तर बघा.

आठवड्याच्या वापरात काही बारीकसारीक गोष्टी कडकांच्या लक्षात आल्या. सिग्नलला थांबलं की लोक हातातला कागद, कागदातलं साल आणि सालातला मोकळा वेळ गाडीत टाकून जातात. बाजारात गाडी ठेवली तर झाडूवाल्याने तिच्यात पाला भरून ठेवला. त्याला वाटलं, कचऱ्याची नवी गाडी आली, उशिरा का होईना. एका पोलिसाने अडवून गाडीचा अपघात कुठे झाला असं विचारलं. आणि एके दिवशी मागच्या बाजूला एक तपकिरी कुत्रा येऊन बसला तो उठेचना. कडकांनी काठी दाखवली, बिस्किट दाखवलं. कुत्र्याने बिस्किट खाल्लं आणि कूस बदलली. दार असलेल्या गाडीतून कुत्र्याला बाहेर काढता येतं. दारच नाही तिथे तो बाहेर कशातून जाणार?

हे सगळं कडकांनी गाडीच्या कौतुकात जमा केलं. रोज वापरायला याहून चांगली गाडी नाही, लोकांशी ओळखी वाढतात, असं ते न्हाव्याला म्हणाले.

रविवारी संध्याकाळी बायको परतली. हातात पिशवी तशीच, आणि पाऊल दाराच्या बाहेर.

"हे काय आहे?"

"गाडी."

"मी काय सांगितलं होतं?"

"बंद गाडी आणू नका."

"मग?"

"मग बघ ना," कडक म्हणाले, आणि टबाभोवती हात फिरवला. "कुठून बंद आहे? दाखव मला. कुठल्याच बाजूने बंद नाही."

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. कडकांना वाटलं आनंदाने. मग तिने घरामागच्या स्कूटरकडे बोट केलं आणि त्या दोन अक्षरांचा अर्थ समजावून सांगितला. चालत नाही ती बंद. पडून राहते ती बंद. तुमच्या हातात येते ती बंद. कडक म्हणाले, पण ही चालते. बायको म्हणाली, उद्या सकाळी त्या बाईपुढे पांढऱ्या चादरी या परातीतून नेऊन ठेवायच्या का? कडक म्हणाले, झाकून नेऊ.

तिने टेम्पोवाल्यांना फोन लावले. रविवारी संध्याकाळी टेम्पोवाल्याला माणूस म्हणून घरी बसायचं असतं, असं प्रत्येकाने आपापल्या भाषेत सांगितलं. शेवटी ती बसली, आणि बसल्या बसल्या म्हणाली की ठीक आहे. गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, दोरीने आवळायचे, गाडी बैलगाडीच्या वेगाने न्यायची, आई पुढे बसून मागे लक्ष ठेवेल. आणि ती स्वतः? ती बसने येणार होती. त्या गाडीत मी बसणार नाही, मला या गावात अजून राहायचंय, म्हणाली.

सोमवारी पहाटे उठून तिने प्रत्येक गठ्ठ्याला दोरी घातली, कमानीच्या पाइपला आवळली, गाठी मारल्या आणि बसथांब्याकडे गेली.

ती वळणावरून दिसेनाशी झाली तसे कडक गाडीपाशी येऊन वाकून बघू लागले. दोऱ्या चादरींत रुतल्या होत्या. रात्रभर उभं राहून मारलेली इस्त्री, धारेला बोट लावलं तर कापेल अशी, आणि तिच्यावर आडवे वळ उठणार. इस्त्रीवाल्याला सगळं सोसतं, पण दुसऱ्याने पाडलेली घडी सोसत नाही. त्यांनी गाठी सोडल्या. अगदी सोडल्या नाहीत, सैल केल्या. प्लॅस्टिकखाली वाफ धरेल म्हणून तेही थोडं उघडं ठेवलं. कुत्रा गठ्ठ्यांवर बसून हे सगळं बघत होता. त्याने काही सुचवलं नाही.

सासूबाईंना आत टाकलं. गाडी निघाली.

पहिल्या वळणापर्यंत बैलगाडीचा वेग होता. पुढे रस्ता मोकळा मिळाला, वारा कानात शिरला, आणि बैल सुटले. गाडीला आरसा होता. तो कडकांनी स्वतःकडे वळवून घेतला होता, उडणारे केस त्यांना शोभत होते. (जेवढे होते तेवढे.) सासूबाईंनी मागे लक्ष ठेवायचं होतं, पण लोक पुढून हात करत होते.

आणि काय लोक. एरवी सकाळी कुणी कुणाकडे बघत नाही. त्या दिवशी फुटपाथवरचा माणूस थांबून हात करत होता. शाळेची अख्खी बस हात करत होती. ट्रकवाला बाजूला आला, हॉर्न मारला आणि मागे बोट दाखवून काहीतरी ओरडला. सायलेन्सरच्या गोंगाटात कडकांना ऐकू आलं, "सुंदर, सुंदर." त्यांनी नम्रपणे मान झुकवली. पुढच्या चौकात दुधवाला ओरडला, तोही तेच. कडक सासूबाईंना म्हणाले, बघा, सगळे सुंदर म्हणतायत. सासूबाईंनी पदर सारखा केला.

लोक "चादर, चादर" म्हणत होते.

ते बायकोला मागून उशिरा निघालेल्या बसमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. ऐकू यायच्या आधी तिला दिसलंच होतं. पहिली चादर दाताच्या डॉक्टरच्या पाटीवर. पाटीवरचे दात तिच्याआडून हसत होते. दुसरी झाडावर. चौकातल्या पोलिसावर एक अशी बरोबर बसली होती की तो उद्घाटनाची वाट बघणाऱ्या पुतळ्यासारखा हात वर करून उभा होता, आणि गाड्या त्याला मान देऊन थांबल्या होत्या. अभ्रे तर कबुतरांसारखे पसरले होते. बायकोने घंटी मारली, उतरली, गोळा केलं, पुन्हा चढली. पुढच्या थांब्यावर तेच. तिसऱ्या वेळेला ड्रायव्हरने विचारलं, बाई, कुणी पळून गेलं का घर मोडून? ती म्हणाली, पळून गेला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ड्रायव्हर थांबा नसेल तिथेही थांबू लागला, आणि कंडक्टर फांदीवर चढून चादर काढू लागला.

तिकडे कडक हॉटेलच्या पायरीशी पोचले. मॅनेजरीणबाई घड्याळाकडे बघत उभी होती. कडकांनी इंजिन बंद केलं, काठावरून उडी मारली (एक पाय आत राहिला, पण तोही आला), आणि जादूगाराने टोपीतून ससा काढावा तसा मागच्या बाजूला हात केला.

मागे दोरी होती, प्लॅस्टिक होतं आणि कुत्रा होता.

मॅनेजरीणबाईने कुत्र्याकडे बघितलं. मग कडकांकडे. दोघांपैकी कुणाला विचारावं हे तिला ठरवता येईना. "चादरी?"

कडकांनी प्लॅस्टिक उचलून खाली बघितलं. इतकी वर्षं कष्टाने उभं केलेलं दुकान, बायकोचं नवं मशीन, सगळं डोळ्यांपुढून त्याच रस्त्याने उडून जाताना त्यांना दिसलं. आणि त्याही वेळी या माणसाला काय सुचावं? ते म्हणाले, "येतायत. मागून येतायत."

आणि आल्याच. फाटकाशी बस थांबली. आधी बायको उतरली, हातात हनुवटीपर्यंत चादरी. मग कंडक्टर, त्याच्या डोक्यावर गठ्ठा. मग ड्रायव्हर, मग ऑफिसला उशीर झालेली माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक अभ्रा, सासरी पोचवायला आल्यासारखी. सगळं पायरीवर ठेवलं. काही मळलेलं, एकावर चाकाचा ठसा, एकाला झाडाची फांदी तशीच लटकलेली.

बायकोने सबब सांगितली नाही. म्हणाली, चूक आमची आहे, आज संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा धुऊन आणते, पण आधी मोजून घ्या.

मॅनेजरीणबाईने मोजलं. पुन्हा मोजलं. एक टेबलक्लॉथ कमी होता.

बायकोचा चेहरा उतरला. तिने बसकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि मग तिची नजर गाडीत अजून बसलेल्या आईवर गेली. सासूबाईंनी वारा लागू नये म्हणून डोक्याला काहीतरी पांढरं गच्च बांधलं होतं. त्याच्या कोपऱ्यावर हॉटेलचं नाव होतं.

"कानात वारा जात होता," सासूबाई म्हणाल्या आणि गाठ सोडून तो पुढे केला. त्या खेपेतली न मळलेली वस्तू तेवढीच.

मॅनेजरीणबाईने तो गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाली की आधीच्या लॉन्ड्रीवाल्याकडे चांगली व्हॅन होती, दारं होती, कुलूप होतं, आणि तरी दर खेपेला काहीतरी कमी यायचं. इथे अख्ख्या गावावर अंथरलेलं सामान पुरेपूर परत आलं. काम तुमच्याकडेच राहील. फक्त यापुढे हॉटेलची गाडी येऊन कपडे नेईल आणि आणील. "आणि हे," ती कडकांकडे न बघता म्हणाली, "फाटकाच्या आत येणार नाही." हे म्हणजे गाडी की माणूस, ते तिने सांगितलं नाही. बायकोने विचारलंही नाही. तिला दोन्ही चालणार होतं.

म्हणजे काम वाचलं, आणि गाडीची गरजच संपली. परत करायची एवढंच उरलं. कडक टबात बसले, किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. गाडीने एक उचकी दिली आणि डोळे मिटले. त्यानंतर तिने आजवर आवाज केलेला नाही.

बसमधल्या लोकांनी ढकलत ती गॅरेजपर्यंत नेली, उशीर झालेलाच होता. गॅरेजवाला दारात उभा राहिला आणि हात आडवा केला.

"चालवत आणली तर परत घेतो म्हटलं होतं. बंद गाडी मी परत घेत नाही."

"बंद कुठे आहे? उघडी तर आहे," कडक म्हणाले.

"उघडी आहे," गॅरेजवाला म्हणाला, "पण बंद आहे."

बायको शेजारी उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, गाडीकडेही नाही. एवढंच म्हणाली की मी फोनवर नेमकं काय नको म्हटलं होतं ते आता तरी कळलं का?

गाडी घरामागे स्कूटरशेजारी उभी आहे. कमानीच्या पाइपला बायकोने दोरी बांधलीय, तीवर हॉटेलच्या चादरी वाळतात, आणि वाळतात बऱ्या, हवा चांगली लागते. टबात कुत्रा झोपतो. कडक दुपारी स्टूल टाकून तिथे बसतात, रविवारी दुरुस्त करू असं कुत्र्याला सांगतात. कुणी दुकानात येऊन कडक आहेत का विचारलं तर बायको धुण्यातून मान वर न करता म्हणते, आहेत की. मागे जा. बंद पडलेल्या तीन वस्तू ओळीने ठेवल्यात, त्यातली जी हात करेल ती.